सुट्टीच्या दिवशी सायकलला बंदी घालणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पाण्याकाठच्या वाटेचं नियोजन, बांधकाम, देखभाल आणि बंदोबस्त ज्यांच्या हातात आहे ते सगळे अधिकारी, इंजिनिअर आणि लोकप्रतिनिधी

सप्रेम नमस्कार,

शनिवार-रविवार आणि सगळ्या सार्वजनिक सुट्ट्यांना पाण्याकाठच्या वाटेवर सायकल चालवायची नाही असा निर्णय तुम्ही घेतलाय. कारण दिलंय गर्दीचं आणि चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेचं. बोर्ड लागलेत, वाटेच्या दोन्ही तोंडांना गार्ड उभे आहेत आणि सायकल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते परत पाठवतायत. सोमवार ते शुक्रवार चालवा म्हणतात. सोमवार ते शुक्रवार माझी मुलं शाळेत असतात आणि आम्ही दोघं कामावर, त्यामुळे आमच्यासारख्या घरांसाठी ही वाट बंदच झाली, कागदावर ती आठवड्यातले पाच दिवस उघडी असली तरी.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. नदी, खाडी, समुद्र, तलाव, कशाच्याही काठावर वसलेल्या बऱ्याच शहरांत थोड्याफार फरकाने हेच चालू असतं, आधी काठ सुशोभित करायचा, फोटो काढायचे, आणि मग लोक खरंच यायला लागले की एकेकाला हाकलायला सुरुवात करायची. ज्यांना ज्यांना हे लागू पडतं त्या सगळ्यांनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं अशी विनंती.

आमच्या घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. एक दिवस सगळ्यांनी मिळून शहर बघायचं ठरवलं तर ते कसं बघायचं याचे पर्याय आम्ही सगळे करून बघितलेत. गाडीने गेलं की निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात जातो आणि मुलांना पुढच्या गाडीची डिकी दिसते. चालत गेलं की धाकटा किलोमीटरभरात "उचलून घे" सुरू करतो, आणि आईंना सलग दहा मिनिटं चाललं की गुडघे दुखायला लागतात. पण त्याच आई सपाट रस्त्यावर तासभर सायकल आरामात चालवतात, डॉक्टरांनीच त्यांना सांगितलंय चालवा म्हणून, कारण सायकलवर अंगाचं वजन सीटवर असतं आणि गुडघा नुसता फिरत राहतो. धाकटा नवऱ्याच्या सायकलवर मागच्या सीटवर, मुलगी तिच्या स्वतःच्या सायकलवर, मी तिच्या मागे, आई आमच्या मध्ये. या एकाच पद्धतीने आमची तीन पिढ्यांची फॅमिली एकत्र, एकाच वेगाने, एकमेकांशी बोलत शहर बघू शकते, आणि नेमकी तीच तुम्ही बंद केलीत.

आणि बघायच्या जागा काठावरच असतात ना. शहर पाण्यावरून आलेल्या मालावर वाढलेलं असतं त्यामुळे जुनी गोदी, दीपगृह, कस्टमची इमारत, मालाची गोदामं, जुने पूल, सगळं पाण्याला धरून एका ओळीत, पण एकमेकांपासून लांब लांब. दीपगृह ते जुनी गोदी पाच-सहा किलोमीटर सहज भरतात. मोठ्या माणसालासुद्धा हे अंतर उन्हात चालायचं म्हणजे जिवावर येतं, सायकलवर मात्र थांबत थांबत, रमतगमत सकाळच्या सकाळी होतं. गोदीजवळ जहाजं बांधायचे ते जाडजूड लोखंडी खुंट आहेत, त्यांना दोरांनी घासून घासून खाचा पडल्यात. माझी मुलगी सायकल स्टँडवर लावून त्या खाचांमध्ये बोट फिरवत बसली होती, केवढ्या जाड दोराने पडली असेल, किती वर्षं लागली असतील, मग जहाज ओढ घेतं म्हणजे नक्की काय होतं, असे प्रश्न विचारत. गाडीच्या काचेतून हे दिसत नाही. तिला इतिहासाचा धडा शिकवायला आम्हाला वेगळं काही करावं लागलं नाही.

आता काठावरच सायकल का, बाकी एवढे रस्ते आहेत ना, असं विचारणारे असतात म्हणून सांगते. काठावरच्या वाटेच्या एका बाजूला पाणी असतं, त्या बाजूने कुठली गाडी आडवी येत नाही, गल्लीचं तोंड नाही, कुणाच्या गेटमधून रिव्हर्समध्ये बाहेर पडणारी कार नाही. शहरात सायकलवाल्याला मोठा धोका असतो तो चौकात आणि वळणाऱ्या गाड्यांचा, आणि इथे निम्मे चौक पाण्यानेच काढून टाकलेत. वर ही वाट बहुतेक ठिकाणी सपाट, म्हणजे चढावर मुलगी दमून मध्येच उतरत नाही आणि उतारावर वेग हाताबाहेर जात नाही. लहान मुलाने शहरात सायकल शिकावी अशी याहून चांगली जागा कुठल्याही टाउन प्लॅनरला नव्याने तयार करता येणार नाही, ती तुमच्याकडे आयती आहे.

चालणाऱ्यांची तक्रार खोटी आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. आई स्वतः घाबरतात, कानाजवळून सुर्रकन इलेक्ट्रिक सायकल गेली की त्या जागच्या जागी थबकतात. काठावर सगळ्यांच्या पायात येणारी कुत्री, बाबागाड्या, फोटोसाठी मागे मागे सरकणारी माणसं, हे सगळं असतं आणि त्यात कुणी भरधाव गेलं तर कुणीतरी पडणारच. पण मग प्रश्न वेगाचा आहे ना? तुम्ही बंदी मात्र वाहनाला घातलीत. माझी मुलगी ताशी आठ-दहा किलोमीटरने सायकल चालवते, व्यायामाला पळणारा साधा माणूस ताशी दहा-बारा किलोमीटरने पळतो, आणि पळायला बंदी नाही, नसावीच. युरोपीय संघात इलेक्ट्रिक सायकलची मोटर ताशी २५ किलोमीटरला मदत करायची थांबली पाहिजे असा नियम आहे, त्यापुढे ती सायकल समजत नाहीत. असा फरक करता येतो, तो करायची तयारी पाहिजे. घाईत डिलिव्हरी पोचवणारा आणि मागच्या सीटवर चार वर्षांचं मूल घेऊन जाणारा बाप, दोघांना एकाच बोर्डाखाली परत पाठवणं हा न्याय नाही.

बरं, परत पाठवता म्हणजे कुठे पाठवता? काठाला समांतर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर. एका बाजूला पार्क केलेल्या गाड्यांची रांग, कुठल्याही क्षणी कुणीही दार उघडणार, दुसऱ्या बाजूला बस, आणि मध्ये ट्रामचे रूळ. सायकलचं चाक रुळाच्या खाचेत जाऊ नये म्हणून रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडायचे असतात हे मला मोठी म्हणून माहीत आहे, पण मागून बस हॉर्न वाजवत असताना नऊ वर्षांच्या मुलीने मागे बघायचं, हात दाखवायचा, वळून काटकोन साधायचा आणि परत सरळ व्हायचं, हे तुमच्यापैकी कुणी आपल्या मुलीला करायला सांगाल का? तुमच्या निर्णयाने काठावरचे धक्के कमी झाले असतील, पण तो धोका नाहीसा झालेला नाही, तो फक्त तिथून उचलून मोठ्या रस्त्यावर माझ्या मुलीपुढे ठेवलाय. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली होती आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, आणि आज ज्या सायकलरस्त्यांचे फोटो तुम्ही प्रेझेंटेशनमध्ये लावता ते काही त्या देशाला मुळापासून लाभलेले नाहीत, या दबावातून आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या कामातून तयार झालेत.

ही बंदी म्हणजे शेवटचा घाव झाला. त्याआधीही ही वाट सायकलवरच्या फॅमिलीसाठी कधी धड नव्हती आणि तेही आता सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही उद्या बंदी उठवाल आणि काम झालं म्हणाल.

सगळ्यात मोठा त्रास त्या लोखंडी कमानींचा. वाटेच्या तोंडाशी दोन कमानी एकमेकींसमोर आडव्या लावल्यात, मधून नागमोडी जायचं. मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून. मागे चाइल्ड सीट असलेली सायकल त्यातून वळत नाही. नवऱ्याने धाकट्याला सीटवरून खाली घेतलं, माझ्याकडे दिलं, मग सायकलचं पुढचं चाक उचलून ती मागच्या चाकावर उभी केली आणि तिरकी करत करत बाहेर काढली, हॅण्डल दोनदा कमानीला अडकलं. मागे रांग लागलेली. आई स्वतःची सायकल धरून उभ्या, त्यांना ती उचलणं शक्यच नाही, एका अनोळखी मुलाने काढून दिली. आणि या सगळ्यात मुलगी तिची छोटी सायकल घेऊन कधीच पलीकडे निघून गेलेली, एकटी, चार पावलांवर पाणी, आणि आम्ही तिघं मोठी माणसं कमानीच्या या बाजूला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी लावलेल्या गोष्टीने मुलगी आणि आईबाप यांच्यामध्ये भिंत उभी केली. व्हीलचेअरवाला काय करत असेल, जुळ्या मुलांची बाबागाडी कशी नेत असतील? मोटरसायकली मात्र बाजूच्या मेंटेनन्सच्या गेटमधून बिनबोभाट आत येतात, ते गेट दिवसभर उघडं असतं. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २०२० मध्ये सायकलरस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शिका काढली, तिच्यात १.२ मीटर रुंद आणि २.८ मीटर लांब सायकल डोळ्यांपुढे ठेवून आखणी करायला सांगितलंय, म्हणजे ट्रेलरवाल्या, तीनचाकी, सामान नेणाऱ्या सगळ्या सायकली आल्या, आणि खांब लावायचेच तर मध्ये १.५ मीटर मोकळी जागा ठेवायला सांगितलीय. कमानी काढून असे खांब लावायला काही फार मोठा प्रोजेक्ट लागत नाही.

दुसरं, जाळ्या. पावसाचं पाणी जायला वाटेत ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या बसवल्यात आणि त्यांच्या फटी वाटेच्या दिशेनेच लांब आहेत. सायकलचा बारीक टायर अशा फटीत बरोबर बसतो आणि चाक जागीच अडतं. मुलीचं पुढचं चाक असंच अडकलं, ती हॅण्डलवरून पुढे गेली, दोन्ही गुडघे आणि एक तळहात सोलवटला. वेग कमी होता म्हणून तेवढ्यावर भागलं. ती जाळी मी नंतर नीट बघितली, चौकोनी आहे, चारी बाजू सारख्या. उचलून पाव वळण फिरवून परत बसवली तर फटी आडव्या होतील आणि कुठलंच चाक आत जाणार नाही. नवीन जाळी नको, टेंडर नको, दोन माणसं आणि एक पहार पुरे. हे मी बोर्डावरच्या तक्रार नंबरवर कळवलं, तक्रार नोंदवून घेतली, मेसेज आला, पुढे काही नाही. त्या जाळ्या आजही तशाच आहेत.

फरशीचंही तेच. उंची गुळगुळीत दगडाची फरशी लावलीय, फोटोत छान दिसते, पण काठावर लाटांचे तुषार उडतात, सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं, आणि ओल्या गुळगुळीत दगडावर सायकल घसरते, चालणारेही घसरतात. इथे खरबरीत पृष्ठभागच पाहिजे. आणि कठडा. सायकलवर बसलेल्या माणसाचा भार उभ्या माणसापेक्षा वर असतो, त्यामुळे जो कठडा चालणाऱ्याला पुरतो तो सायकलवाल्याला पुरत नाही, म्हणून ब्रिटनमध्ये सायकली जाणाऱ्या पुलांना १.४ मीटर उंचीचा कठडा धरतात. तुमचा काही ठिकाणी माझ्या कमरेएवढाही नाही.

"उतरून चाला" या बोर्डांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. प्रत्येक अरुंद जागी, प्रत्येक पुलाखाली, प्रत्येक वळणावर हा एकच बोर्ड. जिथे डिझाइन करायचा कंटाळा आला तिथे बोर्ड लावला असं दिसतं. तरुण माणसाला उतरून शंभर पावलं चालायला काही वाटत नाही. आईंना सायकल हाच आधार आहे. उतरायचं म्हणजे पाय मागून टाकायचा, जड सायकल एका हाताने तोलायची, ढकलत न्यायची, परत चढायचं, आणि हे दर थोड्या अंतरावर. त्यांच्यासाठी तो बोर्ड "इथून पुढे येऊ नका" असाच होतो. एकदा त्या न उतरता अगदी चालण्याच्या वेगाने जात होत्या तर गार्डने सगळ्यांसमोर त्यांना थांबवून सुनावलं. त्या काही बोलल्या नाहीत पण त्यानंतर बराच काळ आमच्याबरोबर यायचं टाळत होत्या, मला घरी कामं आहेत म्हणायच्या. गार्डचा दोष नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. तुम्ही त्याला काय सांगता हा प्रश्न आहे.

भाड्याच्या सायकली. काठावर ओळीने उभ्या आहेत, सुंदर रंगाच्या, पण सगळ्या एका मापाच्या, सगळ्या मोठ्यांच्या, आणि अ‍ॅपवर वयाची अट. एकाही स्टँडवर लहान मुलाची सायकल नाही, चाइल्ड सीट नाही, तीनचाकी नाही. बाहेरगावाहून आलेल्या फॅमिलीने मग काय करायचं, मुलांना हॉटेलवर ठेवून यायचं? शिवाय एका फोनवर एकच सायकल निघते, म्हणजे आईंच्या नावाने वेगळं अकाउंट, वेगळं कार्ड, वेगळा ओटीपी. हा ठेका तुम्ही देता तेव्हा त्यातल्या अटीही तुम्हीच लिहिता, मग काही सायकली लहान मुलांच्या आणि काही चाइल्ड सीटच्या असाव्यात ही अट घालायला तुम्हाला कुणी अडवलंय?

फेरीबोटीवर सायकल घेत नाहीत. पलीकडचा काठ समोर दिसतो, बोटीत जागा असते, पण सायकल नाही, लांबून पुलावरून या, आणि त्या पुलावर सायकलला लेन नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागून आय नावाच्या पाण्याच्या पट्ट्यापलीकडे जाणाऱ्या फेरीबोटी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना फुकट नेतात. कोपनहेगनच्या उपनगरी ट्रेनमध्ये २०१० पासून सायकलला तिकीट लागत नाही.

टॉयलेट, प्यायचं पाणी आणि सावली यावर मी वेगळं लिहीत बसत नाही, लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन दिवसभर बाहेर राहिलेल्या कुणालाही ते सांगायची गरज नाही. फक्त एवढंच, टॉयलेटबाहेर सायकली लावायला जागा द्या, आतमध्ये तीन सायकली धरून कुणी जाऊ शकत नाही.

गर्दी आहे, जागा कमी आहे, काय करणार, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. पण काठावर जागा खरंच कमी आहे का? वाटेच्या शेजारीच, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, गाड्यांचं उघडं पार्किंग आहे, आणि ते वाटेपेक्षा रुंद आहे. एक गाडी दिवसभर तिथे उभी राहते, तिला समुद्र बघायचा नसतो. त्यातली एक रांग कमी केली तर चालणाऱ्यांची वाट आहे तशी राहून शेजारी सायकलची वेगळी वाट निघते आणि भांडणच मिटतं. जागेची वाटणी कशी करायची हे ठरवावं लागतं, आणि आजपर्यंत ते गाड्यांच्या बाजूने ठरवलं गेलंय.

हे जमलेली शहरं आहेत. शिकागोमध्ये तळ्याकाठच्या वाटेवर चालणारे आणि सायकलवाले यांच्यात हीच खेचाखेच होती, ती वाट सुमारे २९ किलोमीटरची आहे, आणि २०१८ मध्ये तिथे चालायची वाट वेगळी आणि सायकलची वेगळी करायचं काम पुरं झालं. व्हँकुव्हरला स्टॅन्ली पार्कभोवती समुद्राच्या भिंतीवरून वाट जाते, ती भिंत १९१७ मध्ये बांधायला घेतली आणि पुरी व्हायला अनेक दशकं लागली, तिथे सायकली एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, त्यामुळे समोरासमोर कुणी येत नाही आणि कमी रुंदीतही निभावतं. नुसता दिशेचा नियम! कोपनहेगनमध्ये बंदराच्या काठावर सायकलवाले पायऱ्यांवरून सायकल उचलून न्यायचे आणि चालणाऱ्यांच्या गर्दीत घुसायचे, तर तिथे २०१४ मध्ये त्यांच्या डोक्यावरून चार मीटर रुंदीचा फक्त सायकलींसाठी पूल काढला, खाली काठ चालणाऱ्यांना मोकळा झाला आणि वरून सायकलवाले. पॅरिसने सीन नदीच्या उजव्या काठावरचा ३.३ किलोमीटरचा मोटार रस्ता २०१६ मध्ये गाड्यांना बंद केला. अमेरिकेतल्या पोर्टलंडने तर १९७४ मध्येच हार्बर ड्राइव्ह हा नदीकाठचा मोठा मोटार रस्ता उखडला आणि तिथे बाग केली, आणि तेव्हाही लोक ट्रॅफिकचं काय होणार म्हणून ओरडत होतेच.

कोलंबियाच्या राजधानीचं, बोगोटाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. श्रीमंत शहर नाही ते. तिथे १९७४ पासून सुरू झालेला एक शिरस्ता आहे, दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ शहरातले शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात आणि त्यावर सायकली, स्केट, पळणारे, चालणारे, मुलं, म्हातारी माणसं. सुट्टीला गर्दी होते हे त्यांनाही कळलं होतं. त्यांनी सुट्टीला गाड्या थांबवल्या, तुम्ही मुलांच्या सायकली थांबवल्यात.

आता आमच्या मागण्या. "आमच्या" म्हणते कारण त्या गार्डसमोरून परत फिरताना जी जी कुटुंबं भेटली त्यातल्या बऱ्याच जणांशी बोलून हे लिहितेय.

सुट्टीची बंदी मागे घ्या. तिच्याऐवजी वेगाची मर्यादा लावा, गर्दीच्या तासांत ती चालण्याच्या जवळपास ठेवलीत तरी आमची हरकत नाही, आणि जोरात जाणाऱ्याला दंड करा, मग तो साध्या सायकलवर असो की इलेक्ट्रिक. जिथे वाट अरुंद आहे तिथे सायकली एकाच दिशेने सोडा.

बंदी घालताना ज्या तक्रारी आणि अपघात तुम्ही विचारात घेतलेत त्यांची माहिती जाहीर करा. किती, कुठे, कोणत्या वाहनामुळे, किती वाजता. त्यात लहान मुलांच्या सायकलींमुळे झालेले किती तेही कळू द्या. आणि बंदीनंतर शेजारच्या मोठ्या रस्त्यावर काय झालं, तेही मोजा, नाहीतर तुमचा निर्णय बरोबर की चूक हे तुम्हालाही कधी कळणार नाही.

जाळ्या फिरवायचं काम या महिन्यात करा. कमानी काढून दीड मीटर अंतरावर खांब लावा, आणि मेंटेनन्सचं गेट बंद ठेवा.

पार्किंगची पाण्याकडची एक रांग काढून सायकलची वेगळी वाट करा. लगेच बांधकाम नको, आधी कुंड्या आणि तात्पुरते अडथळे ठेवून सहा महिने करून बघा, जमलं तर पक्कं करा, नाही जमलं तर सुधारा. पण ती वाट मध्येच संपू देऊ नका, पहिल्या पुलापासून शेवटच्या धक्क्यापर्यंत सलग पाहिजे, कारण लहान मुलाबरोबर जाताना मधले दोनशे मीटर जरी रस्त्यावर उतरावं लागलं तरी आईबाप निघतच नाहीत.

भाड्याच्या सायकलींच्या पुढच्या ठेक्यात मुलांच्या सायकली, चाइल्ड सीट आणि तीनचाकीची अट घाला. एका मोठ्या माणसाच्या फोनवरून घरातल्या सगळ्यांच्या सायकली निघू द्या. फेरीबोटीवर निदान गर्दी नसलेल्या फेऱ्यांना सायकल घ्या.

"उतरून चाला"च्या जागी जिथे जमेल तिथे "सावकाश, चालणाऱ्यांना आधी जाऊ द्या" लिहा, आणि ज्यांना सायकलशिवाय चालणं कठीण आहे त्यांना उतरवू नका असं गार्डना लेखी सांगा. त्यांना नीट सांगितलं तर ते नीट वागतील याची मला खात्री आहे.

शेवटची मागणी. यापुढे काठाबद्दल काही ठरवायची बैठक असेल तर ती कामाच्या दिवशी दुपारी बंद खोलीत घेऊ नका, आम्हाला येता येत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्या, वाटेवर घ्या, आधी कळवा. आम्ही येऊ. मुलं आणि आईंसकट येऊ, सायकलवर येऊ द्याल तर.

या पत्राचं उत्तर लेखी आणि जाहीर द्यावं. जे करणार ते कधीपर्यंत करणार, आणि जे करता येणार नाही ते का करता येणार नाही, दोन्ही लिहावं.

आपली,
सुट्टीच्या दिवशी गेटवरून परत पाठवलेली एक आई